फ्रेम एकमेकींवर का चढतात? हॅसलब्लाडच्या मॅगझीनला दोष देण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे थोडक्यात असा आहे: तुम्ही नाशिकला सेकंडहँड हॅसलब्लाड ५०० सी/एम हा फिल्म कॅमेरा घेतला, सोबत दोन ए१२ मॅगझीन, म्हणजे फिल्म घालून कॅमेऱ्याच्या मागे लावायचे सुटे डबे, मिळाली. पहिले तीन रोल व्यवस्थित आले. मग तुम्ही दोन्ही मॅगझीन उघडून एकाच बैठकीत स्वच्छ केली, आणि त्याच सुमारास एक नवीन, पातळ बेसची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म वापरायला घेतली. त्यानंतरच्या दोन रोलमध्ये सातव्या फ्रेमपासून दोन फ्रेममधला गॅप कमी होत गेला, नववी आणि दहावी एकमेकींना चिकटल्या आणि अकरावी थेट बारावीवर अर्धी चढली. शिवाय एका रोलच्या दोन्ही कडांना लाइट लागलेला दिसतोय. दुकानदार म्हणाला, मॅगझीन गेलं, दुसरं घ्या. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

अजून घेऊ नका. मॅगझीन खराब असेलही, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून ते ठरत नाही. एकाच आठवड्यात तुमच्याकडे तीन गोष्टी बदलल्या: मॅगझीन उघडली गेली, फिल्म बदलली आणि रोल घालणारा हात अजून नवा आहे. या तिघांपैकी कोण, हे निगेटिव्ह स्वतः सांगते. फक्त ती नीट वाचावी लागते.

मी कोल्हापुरात तीस वर्षांहून जास्त काळ हे काम करतोय. आधी स्टुडिओ आणि लग्नं, आता बहुतेक दुरुस्ती. माझ्याकडे 'स्पेसिंग बिघडलंय' म्हणून जी मॅगझीन येतात, त्यांतल्या बऱ्याच मॅगझीनना पाना लावावाच लागत नाही. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी एक मिनिटाचं काम करा. दोन्ही मॅगझीनमधून इन्सर्ट, म्हणजे ज्यावर दोन स्पूल बसतात तो आतला सांगाडा, बाहेर काढा. त्याच्यावर तीन आकडे कोरलेले असतात. बाहेरच्या शेलवर, म्हणजे डब्यावर, जो लांब क्रमांक आहे, त्याचे शेवटचे तीन आकडे हेच असायला हवेत. ही जोडी कारखान्यात एकमेकांना जुळवून बसवलेली असते. एका मॅगझीनचं इन्सर्ट दुसऱ्याच्या शेलमध्ये अगदी सहज बसतं, किल्ली फिरते, काही अडत नाही, म्हणून अदलाबदल झाल्याचं कळतच नाही. पण स्पूल फिरवणारा गेअर आणि शेलमधला गेअर यांची पकड थोडी इकडेतिकडे होते, आणि त्याचा परिणाम कधी गॅपवर तर कधी लाइट लागण्यावर दिसतो. दोन मॅगझीन एकाच टेबलावर, एकाच वेळी स्वच्छ केली असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा माझ्या मनात पहिला संशय हाच आला. पहिले तीन रोल चांगले आले होते, म्हणजे विकणाऱ्याकडे जोड्या बहुधा बरोबर होत्या. आकडे जुळत नसतील तर अदलाबदल करा आणि पुढचं सगळं वाचण्याआधी एक रोल काढून बघा.

हेही बघून घ्या की शेलवर खरंच ए१२ लिहिलंय. सेकंडहँड बाजारात ए२४ मॅगझीन पुष्कळ फिरतात. ते २२० फिल्मसाठी आहे. २२० ही फिल्म १९६५ मध्ये आली. तिच्यात फिल्मच्या मागे कागद नसतो, फक्त दोन टोकांना असतो, म्हणून तेवढ्याच स्पूलवर दुप्पट लांबी मावते. १२० मध्ये, म्हणजे ए१२ ला लागणाऱ्या फिल्ममध्ये, अख्ख्या फिल्ममागे कागद असतो. त्यामुळे ए२४ मध्ये १२० घातली तर गॅप मोठे होत जातात आणि शेवटच्या फ्रेम फिल्मवर बसत नाहीत. तुमची तक्रार उलटी आहे, तेव्हा तुमच्याबाबतीत हे नसावं. पण बघायला पैसे पडत नाहीत.

आता मुद्द्याचं. गॅप मुळात येतो कुठून, हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

१२० च्या रोलमध्ये फिल्म साधारण ८२ सेंटीमीटर असते आणि कागद त्याहून बराच लांब. ए१२ ची खिडकी साधारण ५५ मिलिमीटरची. बारा फ्रेमचे झाले ६६० मिलिमीटर. मध्ये अकरा गॅप, प्रत्येकी पाच मिलिमीटर धरले तर ५५. एकूण ७१५. म्हणजे दोन्ही टोकांना मिळून दहाएक सेंटीमीटर फिल्म शिल्लक राहते. सिस्टिम इतकी उदार आहे. पण प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तर अकराव्या गॅपपर्यंत पाच-साडेपाच मिलिमीटरचा हिशेब बिघडतो, आणि प्रत्येक नवी चूक आधीच्यापेक्षा थोडी मोठी असेल तर गॅप बघता बघता संपतो.

३५ मिमीच्या फिल्मला भोकं असतात, दातेरी चाक त्यांत अडकतं आणि प्रत्येक वेळी ठरलेली लांबी पुढे सरकते. १२० ला भोकं नाहीत. मग कॅमेऱ्याला कळणार कसं की ६० मिलिमीटर फिल्म पुढे गेली? याचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात जुना म्हणजे मागची लाल काच आणि कागदावर छापलेले आकडे. आपल्याकडे कित्येक घरांत आग्फा क्लिक ३ होता, त्यात असंच होतं. त्यात मोजणारा माणूस असतो, म्हणून गॅप सहसा चुकत नाही. दुसऱ्या मार्गात फिल्म एका रुळावरून जाते, रूळ तिच्यामुळे फिरतो आणि रुळाच्या फेऱ्या मोजल्या जातात. तिसऱ्या मार्गात फिल्मला कोणी विचारतच नाही. पुढची, म्हणजे जिच्यावर फिल्म गुंडाळली जाते ती टेक-अप स्पूल किती फिरवायची एवढंच ठरलेलं असतं.

ए१२ तिसऱ्या जातीचं आहे. इन्सर्ट हातात घेऊन बघा, रूळ मोकळे फिरतात, कुठल्याच गेअरला जोडलेले नाहीत. फक्त टेक-अप स्पूलच्या टोकाचा गेअर शेलमधल्या गेअरला भेटतो. आता विचार करा: स्पूल एक फेरी फिरली की किती फिल्म ओढली जाईल? जेवढा तिचा त्या क्षणीचा घेर, तेवढी. रोल जसजसा गुंडाळला जातो तसतशी स्पूल जाड होते, आणि एका फेरीत जास्त फिल्म येते. म्हणून यंत्रणा पहिल्या फ्रेमला स्पूल जास्त फिरवते आणि बाराव्या फ्रेमला कमी. हा हिशेब कारखान्यात ठरलेला आहे, आणि त्यामागे एक गृहीतक आहे: कागद आणि फिल्म मिळून अमुक जाडीचे असतील आणि ते स्पूलवर घट्ट गुंडाळलेले असतील.

तुमच्या दोन्ही रोलमधली अडचण याच गृहीतकाभोवती फिरते.

फिल्म किंवा कागद पातळ असला तर स्पूल अपेक्षेइतकी जाड होत नाही. यंत्रणा मात्र 'आता स्पूल जाड झाली असेल' असं धरून कमी फिरवते. म्हणून फिल्म कमी येते, आणि हा फरक शेवटाकडे वाढत जातो. सुरुवातीचे गॅप बरे, मग हळूहळू बारीक, शेवटी फ्रेम चिकटतात. तुम्ही वर्णन केलंय ते अगदी याच वळणाचं आहे. आणि तुम्ही पातळ पॉलिएस्टर बेसची फिल्म वापरायला घेतलीत, हा योगायोग मी बाजूला टाकणार नाही. अशा फिल्म चांगल्या असतात, सपाट राहतात, स्कॅनिंगला छान. पण ए१२ चं गणित ज्या जाडीवर बसवलंय त्याच्या त्या खालच्या टोकाला असतात. ज्या मॅगझीनचा गॅप मुळातच कमी असतो, तिथे त्या फ्रेम चिकटवतात. ज्याचा गॅप भरपूर आहे, तिथे काहीच कळत नाही. म्हणून एकाच फिल्मबद्दल दोन फोटोग्राफर दोन टोकांची मतं देतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

रोल सैल गुंडाळला गेला तर काय होतं? स्पूल फिरते, पण त्या फेरीचा काही भाग आधीचे सैल वेढे आवळण्यात जातो. तेवढी फिल्म पुढे येत नाही. यानेही फ्रेम जवळ येतात, पण त्याला क्रम नसतो. पाचवी-सहावी चिकटतील, सातवी-आठवी नीट येतील, पुन्हा दहाव्या ठिकाणी गडबड. असा गॅप दिसला की मी आधी रोल घालणाऱ्याचा हात बघतो.

गेअरच्या दातांची झीज किंवा स्प्रिंग कमजोर होणं, हे तिसरं. यात एखादा ठराविक गॅप दरवेळी, दर रोलला, कुठलीही फिल्म असली तरी चुकतो. समजा चौथ्या आणि पाचव्यामधला. किंवा सगळे गॅप बेभरवशाचे होतात आणि हात कितीही काळजीने वापरला तरी सुधारत नाहीत. असं असेल तर मॅगझीन दुरुस्तीला द्यायचं. नवीन घ्यायचं नाही, दुरुस्तीला द्यायचं.

म्हणून पहिली विनंती अशी की यापुढे रोल धुवायला देताना लॅबला सांगा, निगेटिव्ह कापू नका. अखंड पट्टी मागा. तीन-तीन फ्रेमच्या तुकड्यांवरून गॅपचा क्रम वाचता येत नाही, आणि कुठला तुकडा आधीचा, कुठला नंतरचा, यातच घोळ होतो. अखंड पट्टी लाइटबॉक्सवर ठेवा, स्टीलची पट्टी घ्या आणि अकराही गॅप मिलिमीटरमध्ये लिहून काढा. गडद प्रसंगांच्या फ्रेमची कड निगेटिव्हवर दिसत नाही, म्हणून तपासणीचा रोल उजेडातल्या पांढऱ्या भिंतीवर काढा. कडा स्वच्छ येतात.

तरी एक रोल आणि धुण्याचा खर्च वाचवायचा असेल तर मॅगझीन कॅमेऱ्यावरून निघतं, याचा फायदा घ्या. एखादा वाया गेलेला, मुदत संपलेला रोल घ्या. नेहमीसारखा घाला, मॅगझीनचा आकडा १ वर आणा, स्लाइड (खिडकीवरची उजेड अडवणारी पातळ पट्टी) काढून खिडकीच्या खालच्या कडेला फिल्मवर पहिली रेघ मारा आणि स्लाइड परत घाला. मॅगझीन कॅमेऱ्याला लावा, स्लाइड काढा, शटर मारा, कॅमेऱ्याचा क्रँक (फिल्म पुढे नेणारा दांडा) फिरवा. मग स्लाइड घालून मॅगझीन काढा, स्लाइड ओढून बाजूला ठेवा आणि खिडकीतून दिसणाऱ्या फिल्मवर खिडकीच्या खालच्या कडेला टेकवून बारीक मार्करने रेघ मारा. पुन्हा स्लाइड घाला, मॅगझीन लावा, स्लाइड काढा, शटर, क्रँक. असं शेवटपर्यंत. दरवेळी एकाच कडेला रेघ मारायची. शेवटी फिल्म उलगडा आणि रेघेपासून रेघेपर्यंतचं अंतर मोजा. ६० च्या आसपास असेल तर गॅप पाचएक मिलिमीटर. ५५ च्या खाली गेलं तर तिथे फ्रेम चढली. दुपारी अर्धा तास लागतो. तोच रोल पुन्हा घट्ट गुंडाळून दुसऱ्या मॅगझीनमध्ये घाला आणि हेच करा. एकच रोल, तोच हात, दोन मॅगझीन. दोन्ही पट्ट्यांत फरक पडला तर तो मॅगझीनचा. दोन्ही सारख्याच घसरल्या तर फिल्म नाहीतर हात.

मी ही चाचणी सगळ्यांना करायला लावतो. अंदाजाने मॅगझीन विकत घेण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

आता रोल घालण्याबद्दल. इथे थोडं थांबतो, कारण बहुतेक चुका इथल्याच असतात आणि हॅसलब्लाडच्या पुस्तिकेत जे एका ओळीत आहे, त्यात हाताची सवय लागते.

रिकामी स्पूल पुढच्या बाजूला, नवी फिल्म मागच्या बाजूला. स्पूलच्या दोन्ही टोकांची भोकं नीट बसली का, बोटाने हलवून बघा. अर्धवट बसलेली स्पूल तिरपी फिरते. किल्ली फिरवून क्लॅम्प उघडा, कागद त्याखालून ओढा. कागदाची काळी बाजू बाहेर, लेन्सकडे, राहिली पाहिजे. उलटी राहिली तर लेन्ससमोर कागदाची पाठ येते आणि अख्खा रोल कोरा निघतो. कागदाचं टोक स्पूलच्या फटीत घालताना ते मध्यावर आणि सरळ असावं. टोक एक मिलिमीटरने जरी डावीकडे गेलं तरी पुढे कागद त्या बाजूच्या चकतीवर चढतो, कड चुरगळते, आणि कड जिथे चुरगळली तिथे वेढा सैल बसतो. दोन फेऱ्या झाल्यावर थांबून बघा. कागदाच्या दोन्ही बाजूंना चकतीपर्यंतची जागा सारखी दिसायला हवी. नसेल तर काढून पुन्हा घाला. घाई असली तरी पुन्हा घाला.

आता खरी गोष्ट. स्पूल फिरवून कागदावर छापलेला बाण खुणेपर्यंत आणताना मागच्या रोलवर अंगठा हलका दाबून ठेवा. जेणेकरून कागद ताणलेला राहील आणि पहिल्या वेढ्यापासून घट्ट बसेल. पुढचे सगळे वेढे या पाच-सहा वेढ्यांवर बसणार असतात. पाया सैल राहिला तर वरचं सगळं सरकतं. अंगठ्याचा दाब किती? कागद तुटेल इतका नाही, पण स्पूल सोडली तर मागे उसळणार नाही इतका. तीन-चार वेळा वाया गेलेल्या रोलवर केलं की अंगठ्याला कळतं.

बाण स्पूल धरणाऱ्या आधारपट्टीवरच्या लाल खुणेसमोर आणा, पुढे नाही, मागे नाही. बाण अलीकडे राहिला तर पहिली फ्रेम फिल्म सुरू होण्याआधीच बसते आणि अर्धी कापली जाते. बाण पलीकडे गेला तर सगळी रांग पुढे सरकते आणि बाराव्या फ्रेमवर गदा येते. तुमची पहिली फ्रेम नीट आली आहे, म्हणजे इथे तुमचं बरोबर जमतंय.

इन्सर्ट शेलमध्ये सरकवताना हाताचा धक्का लागून कागद सैल होऊ देऊ नका. किल्ली फिरवून बंद करा. मग मॅगझीनवरचा क्रँक उघडा आणि एका लयीत, साधारण दहा फेऱ्या, अडेपर्यंत फिरवा. १ आला की थांबते. क्रँक मागे दुमडा. इथे पुष्कळ जण झटके देत फिरवतात, मध्ये थांबतात, पुन्हा जोरात फिरवतात. त्या झटक्यांत सुरुवातीचे वेढे सैल होतात.

९० च्या दशकात सांगलीत एका लग्नात मी हेच केलं होतं. कन्यादानाच्या वेळी रोल संपला, मी चालत चालतच नवा घातला, अंगठा ठेवला नाही. धुतल्यावर पाहिलं तर पाचवी आणि सहावी एकमेकींवर चढलेल्या. पाचवीत वडील मुलीचा हात देत होते. ती फ्रेम मी कापून, जमेल तेवढी वाचवून दिली, पण त्यांच्या खांद्यावर सहाव्या फ्रेममधला समईचा उजेड कायमचा बसला. त्यानंतर मी रोल फक्त थांबून घालतो, आणि पुढचं मॅगझीन आधीच भरून तयार ठेवतो. तुमच्याकडे दोन आहेत, त्याचा हाच खरा उपयोग.

मॅगझीन बदलताना रंग जुळवायला विसरू नका. मॅगझीनवर आणि कॅमेऱ्यावर छोट्या खिडक्या आहेत. पांढरा म्हणजे क्रँक फिरवलेला, लाल म्हणजे बाकी. कॅमेरा पांढरा आणि मॅगझीन लाल असताना जोडून शटर मारलं तर आधीच्याच फ्रेमवर दुसरा फोटो पडतो. उलट असेल तर एक फ्रेम कोरी जाते. अशी फ्रेम पूर्णपणे एकावर एक असते, अर्धी चढलेली नसते. तुमच्या बाराव्या फ्रेमबद्दल मी विचारणारच होतो, पण ती अर्धीच चढलीय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून रंगांचा दोष नाही.

कडांना लागलेल्या लाइटकडे वळू. हा वेगळा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नाला मदत करतं. लाइट दोन प्रकारे लागतो. एक, फ्रेमशी बांधलेला: दर फ्रेमला त्याच जागी, एकाच बाजूने आत येणारा पट्टा. तो स्लाइडच्या फटीतून येतो. फटीत एक पातळ पट्टी आणि स्पंज असतो. स्पंज वर्षांनी चिकट होतो, तुटतो, आणि स्लाइड बाहेर काढल्यावर फट पूर्ण बंद होत नाही. त्याचे सुटे भाग मिळतात आणि स्वच्छ हाताने अर्ध्या तासात बदलता येतात. स्लाइड मॅगझीनमध्ये घालून महिनोन्महिने ठेवू नका, त्याने ती पट्टी दबून राहते.

दुसरा प्रकार, फ्रेमशी संबंध नसलेला: रोलच्या दोन्ही कडांना, लाटांसारखा, फ्रेमच्या बाहेरच्या जागेतून आत शिरलेला. तुम्ही पाठवलेला निगेटिव्हचा फोटो बघून मला हाच वाटतो. याचं कारण बहुधा एकच असतं: रोल बाहेर काढताना तो सैल होता आणि उजेडात हाताळला गेला. स्पूलच्या चकत्या आणि कागदाची कड यांच्यात फट राहिली की तिथून लाइट शिरतो. म्हणजे सैल गुंडाळण्याचा पुरावा तुमच्या निगेटिव्हच्या कडांवरच उमटलाय, आणि तो फक्त एकाच रोलवर आहे.

त्यावरून माझा अंदाज असा. दोन रोलपैकी कडांना लाइट लागलेला रोल सैल गुंडाळला गेला. दोन्ही रोलमध्ये शेवटाकडे गॅप घटत जाणं हे पातळ फिल्ममुळे. आणि इन्सर्टची अदलाबदल झाली असेल तर त्याने हे आणखी वाढवलं. एकाच्या माथी सगळं मारता येत नाही, पण तिघांनाही तपासणं सोपं आहे. आधी आकडे जुळवा. मग रेघांची चाचणी दोन्ही मॅगझीनवर. मग नेहमीच्या जाडीच्या फिल्मचा एक रोल, काळजीने घालून.

रोल बाहेर काढताना सावलीत काढा. हॅसलब्लाड असो वा नसो, भर उन्हात १२० कधीच उघडू नका. अंगाची सावली, गाडीची डिकी, साडीचा पदर, काहीही चालतं. रोल निघाला की अंगठ्याने कागद घट्ट धरा, टोक दुमडून चिकटपट्टी लावा. पट्टी लावण्याआधी कागद पिळून आवळू नका, फिल्मवर ओरखडे पडतात. पावसाळ्यात, खासकरून कोकणात, फ्रिजमधून काढलेली फिल्म लगेच घालू नका. डबी बंद ठेवून दोन-तीन तास बाहेर राहू द्या, नाहीतर कागदावर दव बसतं आणि तो फुगून लहरी होतो.

हे सगळं करूनही एखाद्या मॅगझीनमध्ये रेघांची अंतरं ५७ च्या खाली घसरत असतील, तर ते दुरुस्तीला द्या. मुंबईत बोरा बाजारात आजही यांत्रिक कॅमेरे उघडणारे हात आहेत. जाताना मॅगझीनसोबत ती रेघांची फिल्म आणि मोजलेल्या अकरा अंतरांची चिठ्ठी द्या. 'स्पेसिंग बघा' एवढंच सांगितलं तर कारागीर तेल घालून परत देतो. 'सातव्यापासून अंतर ५९, ५८, ५६ असं घसरतंय, दुसऱ्या मॅगझीनमध्ये याच रोलवर ६१ येतंय' असं सांगितलं तर त्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं. इन्सर्ट आणि शेल दोन्ही द्या, एकटं शेल देऊ नका.

तोपर्यंत दुसरं मॅगझीन वापरा. आणि ती पातळ फिल्म आवडलीच असेल तर त्या मॅगझीनमध्ये घालून बघा. चाचणीत ज्याचा गॅप जास्त निघेल, तेच तिच्यासाठी राखून ठेवता येईल. मी माझ्या दोन मॅगझीनवर पेन्सिलीने तसंच लिहून ठेवलंय, एकावर 'पातळ' आणि दुसऱ्यावर 'नेहमीची'.

चाचणी झाली की अकरा आकडे इथेच लिहा, दोन्ही मॅगझीनचे. इन्सर्टचे तीन आकडेही कळवा.